नळीआधीचा घोट

दादाच्या नाकातल्या नळीतून जायचे पातळ जेवण दुसरे कोणी आधी चाखून पाहील, अशी कल्पनाही मी केली नव्हती. सांगलीच्या त्या रुग्णालयातला आमचा तो चौथा दिवस होता. नर्सने स्टीलच्या भांड्यातले पिवळसर मिश्रण सिरिंजमध्ये ओढायला घेतले, तेवढ्यात पन्नाशीच्या आसपासची एक सावळी, काटक बाई दारातून जवळजवळ पळतच आत आली. पांढऱ्या कोटाच्या खिशातून तिने एक वाटी काढली, भांड्यातले घोटभर मिश्रण त्या वाटीत ओतून घेतले, ते तोंडात घोळवले आणि गिळले.

"दूध करपलंय. आन डाळ कच्ची लागतीया. हे परत न्या."

"मॅडम, नळीतूनच तर जाणार," नर्स म्हणाली. "त्यांना चव कुठं कळणार?"

"ढेकर आल्यावर कळंल की! माझ्या तोंडातनं जे गेलं न्हाई, ते त्यांच्या नाकातनं जायचं न्हाई. किती येळा सांगायचं?" मग दादाकडे वळून, जणू खाणावळीत गिऱ्हाइकाची माफी मागावी तशा स्वरात, ती म्हणाली, "साहेब, वीस मिंटं थांबा. चांगलं आणते." आणि भांडे घेऊन ती स्वतःच निघून गेली. नर्स माझ्याकडे पाहून ओशाळवाणी हसली. "शेंडगेबाई," ती म्हणाली. तेवढीच ओळख पुरेशी आहे, असा तिचा एकंदर भाव होता.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तो पलूसजवळच्या आमच्या गावी ऊस करीत होता. मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालो होतो. एकटाच राहत होतो. एका सकाळी उसाला पाणी द्यायला गेलेला दादा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी पडलेला सापडला. "भावजी, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं," एवढेच वहिनी फोनवर बोलू शकल्या. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. हे सर्वांना दिसत होते. न दिसणारी गोष्ट अशी, की दादाला गिळता येत नव्हते.

माणूस गिळतो कसा, याचा विचार मी त्रेसष्ट वर्षांत एकदाही केलेला नव्हता. ते शेंडगेबाईंनी मला समजावून सांगितले, आणि तेही चालता चालता. "घशात दोन वाटा हायत, सर. एक पोटाची, एक फुप्फुसाची. घोट आला की फुप्फुसाच्या वाटंवर फाटक पडतं. रेल्वेचं असतं तसं. ह्यांचा गेटमन झोपलाय. गाडी येतीया, आन फाटक..." येथवर येईपर्यंत त्या पलीकडच्या खाटेपाशी पोहोचल्या होत्या आणि "उघडंच!" हा शब्द त्यांनी तिथल्या म्हाताऱ्याची उशी उंच करता करता उच्चारला. तो म्हातारा दचकून आपल्या पायजम्याकडे पाहू लागला.

त्यांची बरीच वाक्ये अशी दोन खाटांमध्ये विभागलेली असत. त्या बसत नसत. पायांत कापडी बूट, खांद्याला एक खाकी पिशवी, आणि चालणे असे की पुढचा माणूस आपोआप भिंतीला लागे. वॉर्डातल्या खुर्च्या जणू इतर माणसांसाठीच होत्या. स्वतःचा डबा त्या खिडकीत ठेवून उभ्याने, चार-पाच घासांत संपवत. माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. मात्र प्रत्येकाचे जेवण राहत असे. "अंड्याला न्हाई म्हणणारे आज कसे हायत?" असे त्या विचारीत, आणि ते कोण हे साऱ्या मजल्याला ठाऊक असे. डॉक्टरांशी त्या अगदी स्वच्छ, छापील मराठीत बोलत. प्रथिने, उष्मांक, क्षार असे शब्द सहज येत. डॉक्टर वळले, की त्याच क्षणी त्यांची भाषा माण तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर परत जाई. म्हसवडपासून आतल्या अंगाला कुठे तरी ती वस्ती होती. मेंढपाळांचे घर. आश्रमशाळेत राहून शिकल्या, पुढे कोल्हापुरात आहारशास्त्राची पदवी घेतली आणि या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागल्या. यापलीकडे त्यांच्याबद्दल मला फारसे कळले नाही. विचारायचा संकोच होता, आणि त्या थांबतही नसत.

नव्या रुग्णाच्या नातेवाइकांना त्या एक प्रश्न हमखास विचारीत: घरी हे काय खायचे? आमच्या वहिनींनी पाहुण्यांसमोर द्यावे तसे उत्तर दिले.

"साधंच. वरण, भात, भाजी, पोळी."

"पोळी?" शेंडगेबाईंनी वहीतून डोके वर काढले. "आवं वहिनी, वरण-पोळीवर असलं खांदं व्हत न्हाईत. मी काय पोलीस हाय का? खरं सांगा."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. चार दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या असाव्यात. "ज्वारीची भाकरी लागती. कालवण लालभडक पायजे. वर खर्डा. आन आइतवारी मटाण. न्हाई केलं तर दिवसभर बोलत न्हाईत."

"चारला काय?"

"च्या आन टोस्ट. टोस्ट बुडवून च्यात पडला की माझ्यावर चिडायचं. जसा काय मी ढकलला."

"मटाण" हा शब्द आला तेव्हा दादाने मान किंचित वळवून वहिनींकडे पाहिले होते. मी ते पाहिले. शेंडगेबाईंनी माझ्याआधी पाहिले. "बगा, कान शाबूत हायत," त्या म्हणाल्या. "वहिनी, आइतवारी अळणी आणायची. तवंग काढायचा, फडक्यातनं गाळायची. मीठ मी सांगीन तेवढंच."

मटण शिजले की मसाला घालण्याआधी जे फिके पाणी काढून ठेवतात, ती अळणी. आमच्या भागात लहान मुलांना आणि आजाऱ्यांना ती देतात. "नुसत्या पाण्यात ताकद नसती," बाई म्हणाल्या, "त्यात मी डाळ आन अंडं घोटते. पर वास त्यांच्या घरचा पायजे." डॉक्टरांना त्यांनी कोणत्या छापील शब्दांत पटवले, ते कळले नाही. रविवारी त्यांनी डब्यातली घोटभर अळणी नेहमीप्रमाणे वाटीत घेतली, चाखली, आणि वहिनींकडे पाहून भुवया उंचावल्या. ते मिश्रण हळूहळू नळीतून उतरले. दादाला उशांच्या आधाराने बसवले होते. अर्ध्या तासाने त्याला ढेकर आला. त्यानंतर बराच वेळ तो वहिनींकडे पाहत राहिला, आणि वहिनी उगीचच डब्याचे झाकण पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

जेवण झाले की आडवे व्हायचे, ही आमच्याकडची जुनी सवय. बाईंचे तिच्याशी हाडवैर होते. नळीतून जेवण गेल्यावर तासभर रुग्ण बसलेलाच हवा, नाही तर पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरते. कुणी नातेवाईक मायेने उशी काढायला गेला, की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज येई: "उशीला हात लावला तर तुमालाच झोपवीन!" लोक हसत; पण उशी राहत असे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दादाच्या घशाचा सराव सुरू केला. वाणी आणि गिळण्याचे उपचार करणाऱ्या एक तरुण डॉक्टर मिरजेहून आठवड्यातून दोनदा येत. मधल्या दिवसांची जबाबदारी बाईंकडे होती. हनुवटी छातीकडे झुकवायची, अर्धा चमचा घट्ट दही जिभेच्या चांगल्या बाजूला ठेवायचे, गिळू द्यायचे, मग "आ" म्हणायला लावायचे. बाई कान दादाच्या गळ्याजवळ नेऊन तो "आ" ऐकत. आवाज भिजलेला आला तर घास वाट चुकला. कोरडा आला तर ठीक. एका दुपारी अर्ध्या-अर्ध्या चमच्याने दोन चमचे दही पोटात गेले आणि चारही वेळा आवाज कोरडा आला. वहिनींनी तिथेच हात जोडले. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावात पोहोचली, आणि वाटेत तिचा आकार वाढला: सुभेदार जेवायला लागले.

दादाच्या खाटेच्या डोक्याशी "तोंडातून काहीही देऊ नये" अशी पाटी होती. बाईंचा मात्र पाट्यांवर विश्वास नव्हता. भेटीच्या वेळात त्यांनी मला दाराजवळ बसवले होते. "सर, काम एकच. न्हाई म्हणायचं. चाळीस वर्सं पोरांना वर्गाबाहेर काढलं असंल की तुमी!"

मी कुणालाही कधी वर्गाबाहेर काढलेले नव्हते. हे मी त्यांना सांगितले नाही.

दुसऱ्याच दिवशी आमची आत्या आली. ती पंचाऐंशीच्या घरातली आहे. आमची आई सतत आजारी असे, म्हणून दादाला तिनेच वाढवले. कमरेत वाकलेली ती बाई दोन गाड्या बदलून, हातात तांब्या घेऊन आली होती. खाटेपाशी उभी राहून तिने दादाच्या गालावरून हात फिरवला.

"ओठ वाळलं की रं माझ्या लेकराचं. पाणी पायजे?"

दादाने डावा हात उचलला.

"आत्या, डॉक्टरांनी..." मी म्हणालो.

"डाक्टरचं डाक्टरला सांग. काल दही खाल्लंय न्हवं त्यानं? दह्यापेक्षा पाणी का जड असतंय?"

पाणी हेच सर्वांत कठीण, ते घशात धावते आणि दही हळू सरकते, हे बाईंनी सांगितले होते. पण आत्याच्या तोंडासमोर ती सगळी वाक्ये मला परकी वाटू लागली. आमच्या घरात भांड्याला ओठ लावून कुणी पाणी पीत नाही. मान मागे टाकून वरून धार धरतात. आत्याने दादाच्या मानेखाली हात घातला, त्याची हनुवटी वर केली आणि लहानपणापासून पाजत आली होती तसे पाणी त्याच्या तोंडात सोडले. दादाने तोंड उघडे धरले होते. डोळे मिटून तो जवळजवळ अर्धा तांब्या पाणी प्यायला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

त्याला खोकला आला नाही. साधा ठसकाही लागला नाही. त्यामुळे काही बिघडले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि कुणालाच काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला ताप चढला. संध्याकाळी श्वास घरघरू लागला. छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि नाकाला ऑक्सिजन लावला. शेंडगेबाई आल्या, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि विचारले, "कुणी काय दिलं?"

वहिनी त्या वेळी घरी गेल्या होत्या. त्यांना काही माहीत नव्हते. खाटेपाशी मीच होतो.

"सर?"

मी सांगितले. त्या बाहेर पडून लांबलचक व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. खिशातला चमचा वाटीवर वाजत होता. तो आवाज दूर जात होता आणि जवळ येत होता. शेवटी दारात थांबून त्या म्हणाल्या, "खोकला आला न्हाई म्हणून बोलला न्हाई, व्हय?"

"हो."

"आला असता तर बरं झालं असतं. गेटमन जागा तरी हाय, एवढं कळलं असतं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुमच्यावर एकट्यावर न्हाई घालत मी. घाई माझीबी झाली. दोन चमचे समद्यांच्या म्होरं दाखवले. दह्याच्या पुढं पाणी न्हाई, हे बी तिथंच समद्यांना सांगायला पायजे व्हतं. म्हातारी परत कवा येणार हाय?"

"आता कशाला येऊ द्यायची?"

"आणा तिला. मला ती पायजे."

ते चार-पाच दिवस कसे गेले, ते लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. मी खाटेपाशी बसून दादाचा श्वास मोजत असे आणि मोजणे चुकत असे. राजस्थानात तैनात असलेला दादाचा मुलगा रोज व्हिडिओ कॉल करून "काका, हे झालं कसं?" असे विचारी. त्याला उत्तर देणे मी दोन दिवस टाळले, आणि तिसऱ्या दिवशी दिले. फोनच्या पडद्यावर त्याचा नुसता चेहरा होता.

ताप उतरला त्या दिवशी आत्या आली. तिला कुणी तरी सगळे सांगितले होते. ती वॉर्डात येईना. बाहेरच्या बाकाशेजारी जमिनीवर बसून राहिली. शेंडगेबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. बाईंना बसलेले मी पाहिले ते तेवढेच, आणि तेही टाचा उचललेल्या, कोणत्याही क्षणी उठण्याच्या बेतात.

"आज्जी, मेंढरं ठावं हायत का तुमाला?"

आत्याने मान वर केली. "कुठली तू?"

"म्हसवडकडची. शेंडगे."

"मंग तुमची माणसं यायची की आमच्या रानात मेंढरं बसवायला. खतासाठी."

"व्हय. तुमच्याच असंल न्हाई तर शेजारच्या. पलूसच्या रानात आमचा मेंढरांचा वाडा दरसाल पडायचा. तवा तुमच्या इहिरीचं पाणी पिलंय मी," बाई म्हणाल्या. "आज्जी, आय मेलेली कोकरं माझ्याकडं असायची. मी आठ वर्साची. दुधात चिंधी भिजवून पाजायचं. कोकराला दूध दिसलं की ते मान वर करतं, लय गोड दिसतं. मी बी त्याची हनवटी धरून वर करायची आन दूध सोडायची. गटागटा प्यायचं. दुसऱ्या दिवशी छाती भरून मरायचं. तीन मेली माझ्या हातानं. मंग माझ्या बापानं दाखवलं, मान खाली ठेव, मेंढीच्या कासंला लागतं तशी. चौथं जगलं."

आत्या जरा पुढे सरकली. "तीन?"

"तीन. तुमचं तर एक, आन तेबी जगलंय."

मला वाटले, आता आत्या रडेल. ती रडली नाही. तिने पदराने नाक पुसले आणि विचारले, "मंग कसं पाजायचं? दाव."

त्या दिवसापासून दाराशी आत्या बसू लागली, आणि मला त्या कामातून मुक्त करण्यात आले. तिला पाटी वाचता येत नव्हती. पण पाटीपेक्षा तिचा उपयोग कितीतरी पटींनी अधिक झाला. शहाळे घेऊन आलेल्या सरपंचाला तिने दारातूनच परत पाठवले. "त्याला न्हाई द्यायचं. तूच पी. मान खाली घालून पी, मला बगू दे." सरपंच खरोखरच मान खाली घालून शहाळे प्यायले. शेंडगेबाई जाता-येता तिला "काय हवालदार?" असे म्हणत, आणि आत्या कपाळाला हात लावून सलाम करी.

पण न्यूमोनियाने दादाला खाऊन टाकले होते. गालफडे बसली, मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागले. त्यातच नाकातली नळी त्याला सहन होईना. डाव्या हाताने त्याने ती तीनदा उपसून काढली. शेवटी डॉक्टरांनी पोटाला छोटे छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवण्याचा सल्ला दिला. वहिनी ते ऐकून भिंतीला टेकल्या. आमच्या गावात एकाच माणसाला अशी नळी बसवली होती, आणि तो त्यानंतर काही दिवसांत गेला होता. त्यामुळे पोटाची नळी म्हणजे माणूस सोडून दिला, असा सर्वांचा समज होता. दादाचाही तोच होता. "न... नको," तो म्हणाला. झटक्यानंतर त्याच्या तोंडी आलेल्या दोन-तीन शब्दांपैकी तो एक. त्याने तोंडाकडे बोट दाखवले आणि पुन्हा म्हटले, "नको."

शेंडगेबाई नळीच्या बाजूने उभ्या राहिल्या. हे वहिनींना विश्वासघातासारखे वाटले. "तुमीच म्हणत हुता, खायला लावीन म्हणून. आन आता तुमीच?"

"वहिनी, खायला लावायला अंगात बळ लागतं. तेच न्हाई उरलं."

दादाशी बोलताना त्या त्याच्या डोळ्यांसमोर येऊन बोलत, इतरांसारख्या त्याच्या डोक्यावरून नव्हे. त्यांनी स्टूल ओढले, त्यावर एक पाय ठेवला. "साहेब, ही माघार न्हाई. ही रसद हाय. लढाई घशाची चाललीया, रसद दुसऱ्या वाटंनं आणायची."

मला हा युक्तिवाद फार आवडला होता. दादाने भिंतीकडे तोंड फिरवले. आयुष्यभर सैन्यात काढलेल्या माणसाला सैन्याची भाषा दुसऱ्याने ऐकवलेली आवडत नाही, हे मी त्यांना आधी सांगू शकलो असतो.

बाईंच्या खिशातला चमचा वाजू लागला. दोनदा त्या दारापर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या आवाजात मघाचा आवेश नव्हता.

"समदे तुमाला सांगत्यात, व्हईल बरं. मी न्हाई सांगत. घसा येईल का न्हाई, मला ठावं न्हाई. येईलबी, न्हाईबी. पर उपाशी माणसाचा घसा आल्याला मी आजपतोर बगितला न्हाई. एवढंच मला ठावं हाय."

दादाने मान परत वळवली. महिनाभर त्याच्या खाटेभोवती उभे राहून आम्ही सर्वांनी त्याला धीर दिला होता: मी, वहिनी, मुलगा, गाव. त्यातले काहीच त्याने ऐकले नसावे. त्याने डावा हात पोटावर ठेवला आणि दोनदा थोपटला. वहिनी रडू लागल्या. बाईंनी मात्र तो हात तिथेच धरून डॉक्टरांना हाक मारली. दादाचा विचार बदलेल, याची त्यांना धास्ती असावी.

जिना उतरताना त्या मला भेटल्या. "सर, न्हाई आला घसा तर माझं तोंड बगणार न्हाईत ते," त्या म्हणाल्या. मी मागे वळलो. तोवर त्या खालच्या मजल्यावर पोहोचल्या होत्या.

नळी बसली. त्यानंतरचे दिवस संथ होते, आणि बाईंना संथपणा मुळीच मानवत नसे. वहिनींना त्यांनी नळी धुवायला, मिश्रण घोटायला, ते चाखायला शिकवले. घरी सोडताना सरावाचा कागद दिला, आणि तो हरवेल म्हणून आत्याकडून तोंडपाठ करून घेतला. नंतर रोज दुपारी त्यांचा फोन येई. "काय दिलं? आवाज कसा?" एवढे विचारून, उत्तर पुरते ऐकण्याआधीच तो बंद होई. वहिनी फोन स्पीकरवर ठेवून दादाला "आ" म्हणायला लावत, आणि पलीकडे क्षणभर शांतता असे. कधी त्या "बरं" म्हणत. कधी "उद्या दही बंद" म्हणत, आणि त्या दिवशी आमच्या घरात कुणाचे जेवणात लक्ष लागत नसे. महिनाभर तर एक पाऊल पुढे आणि दीड मागे, असेच चालले होते. दादा खिडकीतून उसाकडे पाहत बसे. एकदा त्याने दह्याची वाटी भिंतीवर फेकली. आत्याने ती उचलली, विसळली, पुन्हा भरली आणि त्याच्यासमोर ठेवली.

अडीच महिन्यांनी आम्ही त्याला तपासणीसाठी सांगलीला घेऊन गेलो. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी यंत्रावर त्याचे गिळणे पाहिले. मग वॉर्डातच एका रिकाम्या खाटेवर बसवून शेंडगेबाईंनी त्याला वाटीभर गुरगुट्या भात दिला. तूप घातलेला, चमच्याला चिकटेल इतका घट्ट. चमचा त्याच्या डाव्या हातात दिला. पहिल्या घासाला त्या त्याच्या गळ्याशी कान लावून वाकल्या होत्या. "आ." कोरडा. दुसरा. कोरडा. पाचव्या घासाला त्या ताठ झाल्या. डोळ्यांवर आडवा हात घेऊन त्यांनी काय पुसले, ते मी पाहिले नाही, असे मी ठरवले.

"खावा," त्या म्हणाल्या. "सावकाश. पाणी मातुर अजून घट्ट करूनच, आन वरून धार आता जन्मात न्हाई. नळी काढायचं डॉक्टर बगतील, चार-सहा आठवडे अजून र्‍हाऊ द्या." त्याच वेळी वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला नुकत्याच दाखल झालेल्या एका मुलाचे नातेवाईक पिशवीतून पाण्याची बाटली काढताना त्यांना दिसले. मोटारसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला होता. "ए थांबा, थांबा!" असे ओरडत त्या धावल्या.

दादाला तो भात संपवायला पाऊण तास लागला. सांडलेले वहिनी पुसत होत्या. त्याला भरवायला मात्र त्या गेल्या नाहीत. शेवटचा घास गिळून, स्वतःच "आ" म्हणून, त्याने रिकामी वाटी डाव्या हाताने उचलली आणि पलीकडे दिसेल अशी उंच धरली. शेंडगेबाईंची आमच्याकडे पाठ होती. त्या मुलाच्या बापाशी त्यांचे कडाक्याचे भांडण चालले होते.

"बाई!" वहिनींनी हाक मारली. "बगा की इकडं! समदं संपलं!"

मागे न वळता त्यांनी एक हात वर केला: थांबा. आम्ही थांबलो. दादाने वाटी उंचच धरून ठेवली. बाईंनी त्या बापाच्या हातातली बाटली काढून घेतली, त्याला दंडाला धरले आणि त्याच्याशी बोलत बोलत, जवळजवळ त्याला ओढतच, त्या समोरच्या दाराने बाहेर पडल्या. बराच वेळ गेला, तरी ते दार पुन्हा उघडले नाही.

दादाच्या तोंडाची डावी बाजू हसली.

"ग... गेली," तो म्हणाला, आणि वाटी त्याने वहिनींच्या हातात दिली.